जसेच्या तसे म्हण

शिंदखेडा, ता. ९ जानेवारी १९३९

चि. अभिमन,

तुझं छापील पत्र काल पोचलं. वर 'मुख्याध्यापिका, मुलींची शाळा, शिंदखेडा यांस' आणि खाली तुझी सही. नाना गेल्यापासून तुझ्याकडून आलेलं हे पहिलं पत्र, आणि ते तू साऱ्या जिल्ह्याला लिहिलेलं. मी ते टेबलावर ठेवून देणार होते. पण टपाल आणणारा तोताराम दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, भाऊनं पत्र शे ना? अक्षर मी वयखं." तेव्हा पाकीट पाहिलं. छापील पत्रांची पाकिटं कारकून लिहितात. हे तू लिहिलं आहेस.

म्हणून मीही सरकारी उत्तर न लिहिता हे लिहिते आहे.

तुझी प्रश्नपुस्तिका मी पूर्ण वाचली, प्रस्तावनेसकट. दहा वर्षांच्या मुलांची बुद्धी मोजायची, मुलाचं बुद्धीचं वय काढायचं, त्याला खऱ्या वयानं भागायचं, शंभरानं गुणायचं. उत्तर आलं तो त्या मुलाचा अंक. दोनशे शाळांतले अंक कागदावर मांडले की मधे फुगलेली आणि दोन्हीकडे उतरत जाणारी एक रेषा तयार होते, असं तू म्हणतोस. तुला शंभरापर्यंत मोजायला मी शिकवलं होतं. पुढचं तू एकट्यानं शिकलास. रेषेचं चित्र मला फार आवडलं, खरंच सांगते. पिंपळनेरच्या वाटेवर अशी एक टेकडी आहे.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या कलमासाठी मात्र मी हे काम मन लावून करणार आहे. धुळ्याच्या मुलींच्या वसतिगृहात प्रत्येक तालुक्यातली एक मुलगी पाच वर्षं फुकट ठेवून घेणार, शाळेची शिफारस हवी, आणि तुझ्या मापात तिचा अंक ऐंशीच्या वर हवा. माझ्याकडे अशी मुलगी आहे. तिचं नाव रेशमा. तिचा बाप सुका आमच्या शाळा समितीच्या भाईदास पाटलांकडे सालदार आहे. दोन वर्षांमागे ही माणसं सातपुड्याच्या पायथ्याकडून कामाला आली आणि राहिली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुकाचं साल संपतं. पुढचं साल तो धरणार नाही, घराकडे परत जायचं म्हणतो. तिकडे शाळा नाही. म्हणजे आखाजीच्या आत धुळ्याची जागा मिळाली तर ही मुलगी शिकेल, नाहीतर तिचं शिकणं तिथंच थांबेल. दुसरी कुठलीही आई मुलीला धुळ्याला पाठवायला तयार नाही. रेशमाची आई तयार आहे.

प्रकृती बरी असेल. माझी बरी आहे.

अक्का


शिंदखेडा, ता. २ फेब्रुवारी १९३९

चि. अभिमन,

एकोणीस मुलींची एकोणीस पत्रकं आज पाठवली. पोचल्याचं कळव.

चार दिवस लागले. तुझे नियम काटेकोर पाळले. हसायचं नाही, मान हलवायची नाही, 'हं' म्हणायचं नाही, प्रश्न पुस्तकात आहे तसाच वाचायचा आणि उत्तर मुलीच्या तोंडून येईल तसंच लिहायचं. बावीस वर्षं मुलींसमोर बसते आहे, पण इतकी दगडासारखी कधी बसले नव्हते. पहिल्या दिवशी पाटलांची बेबा बाहेर जाऊन मैत्रिणींना म्हणाली, बाईंच्या दाढा दुखत आहेत, त्यांना त्रास देऊ नका.

घरी एकटी असताना पाहुणे आले तर काय करशील, या प्रश्नाचं तुझं बरोबर उत्तर आहे, 'त्यांना बसवून आईवडिलांना बोलावीन.' माझ्या अकरा मुलींनी सांगितलं की पाणी देऊ, मग चूल पेटवू. एकीनं विचारलं, पाहुणे कुठले, आईच्या माहेरचे का बापाकडचे? माझं हसू दाबता दाबता हातातली पेन्सिल मोडली.

रेशमा तिसऱ्या दिवशी आली. आकडे उलटे म्हणायचा प्रश्न होता ना, तेव्हा तिनं डोळे मिटले आणि गाठ सोडवावी तशी बोटं हलवत पाच आकडे शेवटून पहिल्यापर्यंत म्हटले. पाच आकडे दुसऱ्या कुणालाच जमले नाहीत. तिच्या वयाच्या रकान्यात मी दहा लिहिलं आहे. दिवालीबाईला, म्हणजे तिच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, टोळ आले त्या साली झाली. टोळ कुठल्या साली आले हे गावात तिघांनी तीन प्रकारे सांगितलं. तुझ्या भागाकारातला खालचा आकडा असा आहे, हे तुला माहीत असावं.

मग वाक्य म्हणायचा प्रश्न. 'मी म्हणते ते वाक्य जसेच्या तसे म्हण.' मी वाचलं, "आमची शाळा गावाच्या पलीकडे काळ्या पाण्याच्या तळ्याजवळ आहे." रेशमा क्षणभर थांबली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आमनी शाया गावना पल्याड काया पानीना तयाजोडे शे." म्हटल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात बरोबर उत्तर आलं की मी मान हलवते, त्याची ती वाट पाहत होती. मी मान हलवली नाही.

ती म्हणाली तसंच लिहून पाठवलं आहे.

अक्का


शिंदखेडा, ता. ४ मार्च १९३९

अभिमन,

तुमच्या पुण्याच्या कमिटीचा कागद आला. अठरा मुलींचे अंक पंच्याऐंशी ते एकशेआठ. रेशमा सुका, एकाहत्तर. पुढे शेरा, 'मंद. वसतिगृहास अपात्र.'

सोबत तपासलेली पत्रकं परत आली, म्हणून मला कारण कळलं. पांढऱ्याच्या उलट काय, यावर रेशमा 'काया' म्हणाली. पुण्यातल्या तुझ्या तपासनिसानं समासात लिहिलं आहे, 'काया म्हणजे शरीर. असंबद्ध.' चित्रातल्या आंब्याला ती 'फय' म्हणाली. 'शब्द अस्तित्वात नाही.' आणि ते वाक्य. आठ शब्दांचे आठ गुण द्यायला हवे होते असं मी म्हणत नाही, पण शून्य? तिनं वाक्य ऐकलं, समजून घेतलं, मनातल्या मनात आपल्या बोलीत फिरवलं आणि एक शब्द न गाळता परत दिलं. बेबानं ते पोपटासारखं म्हटलं. कुठलं काम अवघड, हे तुला मी सांगायला नको. सहा वर्षांचा असताना शाळेतलं घरी येऊन नानांना सांगताना तू हेच करत होतास.

तुझ्या प्रस्तावनेत तू लिहिलं आहेस की मिळालेला अंक म्हणजे खरा अंक अधिक चूक. मूल रात्री नीट झोपलेलं नसेल, तपासणारा कंटाळला असेल, अशा चुका व्हायच्याच. पण काही चुका अंक वर नेतात, काही खाली आणतात, आणि मुलं पुष्कळ असली की त्या एकमेकींना खाऊन टाकतात. मी ते तीनदा वाचलं आणि पटलं. पण मग मला आमच्या शाळेतली उंची मोजायची भिंत आठवली. दरवर्षी डॉक्टर येतात, मुलींना भिंतीशी उभं करतात. तिथली फरशी दोन बोटं खचली आहे. एकीला मोज, शंभरजणींना मोज, सगळ्या दोन बोटं कमीच भरतील. ही चूक कुणाला खाणार? ती सगळी एकाच बाजूला झुकलेली आहे. तुझ्या मापाखालची खानदेशातली फरशी अशी खचलेली आहे, अभिमन.

काल दिवालीबाई शाळेत आली. तिला काय सांगावं कळेना. शेवटी सांगितलं की रेशमाचा आकडा कमी आला, ऐंशी हवा होता.  ती म्हणाली, "बाई, हाऊ आकडा मन्ही पोरना शे का तुम्हना कागदना?"

 याचं उत्तर तू दे. आखाजीला सात आठवडे आहेत.

अक्का


शिंदखेडा, ता. १५ मार्च १९३९

प्रिय अभिमन,

तुझं चार पानी पत्र मिळालं. हातानं लिहिलेलं. पहिली तीन पानं तू मास्तरासारखी लिहिलीस आणि चौथ्यावर भावासारखी, म्हणून चौथं आधी वाचलं.

पण मला ज्यानं झोपेतून उठवल्यासारखं झालं, ते दुसऱ्या पानावर आहे. तू विचारलंस, 'फरशी खचलेली असती तर एकोणीसही मुली खाली आल्या असत्या. अठरा नीट उभ्या आहेत. मग तुझी एकटी रेशमाच खाली का?'

मी रागानं उत्तर लिहायला बसले. बेबाही घरी 'काया'च म्हणते, सगळ्याच म्हणतात, हे दाखवायला माझी कच्ची वही काढली. परीक्षा घेताना मी त्या वहीत पेन्सिलीनं भराभरा लिहिलं होतं आणि मग शाईनं तुझ्या पत्रकांवर उतरवलं होतं. वहीत बेबाचं पान उघडलं. पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, काया. तुझ्या पत्रकावर माझ्याच शाईनं, काळा. पुढचं पान, तुळशीचं. वहीत शाया, पत्रकावर शाळा. अठराही पानं तशीच. वाक्यं सुद्धा. मी ती उतरवताना सरळ करत गेले. 'जोडे'चं 'जवळ' केलं, 'शे'चं 'आहे' केलं. हे करताना मला कळलंही नाही. मुळाक्षरांपासून मी त्यांना शिकवलं आहे. त्या काय म्हणतात त्याऐवजी त्यांना काय म्हणायचं आहे तेच मला ऐकू येतं. बावीस वर्षं वह्या तपासून हात तसा वळतो.

एकटीचं पत्रक वहीबरहुकूम आहे. काना, मात्रा, सगळं.

का, ते चार दिवस स्वतःला विचारते आहे. पहिलं उत्तर असं की ती शाळेत गेल्या जूनमध्येच आली, माझा कान अजून तिला सरावला नव्हता. हे खरं आहे, पण पुरतं नाही. तिची शिफारस मीच करणार होते. उद्या कुणी म्हणू नये की बाईंनी लाडकीला वर चढवलं, म्हणून तिचं पत्रक उतरवताना मी एकेक अक्षर जपून लिहिलं. नियम मी फक्त तिच्यासाठी पाळला. अठरा मुलींच्या पायाखाली मी पाट सरकवले आणि जिच्यावर जीव आहे तिला जमिनीवर उभं केलं. वर त्याला प्रामाणिकपणा समजले, आणि मागच्या पत्रात तुला बोल लावला.

आता दुसरं सांगते. तीन वर्षं मी तुला का लिहिलं नाही हे तू कधी विचारलं नाहीस, बहुधा धीर झाला नसेल. मी आणि नाना पुण्याला तुझ्याकडे आलो होतो तेव्हाची गोष्ट. ओसरीवर तुझे कॉलेजातले दोघे मित्र बसले होते. नाना आत चहाची वाट बघत मोठ्यानं, आपल्या बोलीत काही म्हणाले. मित्रानं विचारलं, कोण आलं आहे. तू म्हणालास, "आमच्या गावाकडचे आहेत." मी दाराआड होते. नानाही माझ्या मागे होते.

परतीच्या गाडीत मी रडत होते. मनमाड गेल्यावर नाना म्हणाले, "त्यानं काय चुकनं? आपुन गावकडनाच शेतस." एवढंच. पुढे आठ महिने होते ते, पण त्या गोष्टीचा विषय काढला नाही. मी मात्र मनात धरून बसले. तेराव्याला तू माझ्या शेजारी बसला होतास आणि मी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आज वाटतं, तूही तेव्हा जपूनच वागत होतास. नवी नोकरी, नवी माणसं. जवळच्या माणसाला उजेडात उभं करताना आपण घाबरतो आणि कठोर होतो. मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. ते लिहिण्याइतकी मी वरच्या पायरीवर नाही, हे ही वही सांगते आहे.

आता काय करायचं ते तू सांग. मी अठरा पत्रकं खोटी भरली हे कमिटीला कळवलं तर शिंदखेड्याची सगळीच पत्रकं रद्द होतील, रेशमाचंही. नाही कळवलं तर ती मंद राहील. मला कळवायचं आहे.

अक्का


शिंदखेडा, ता. ८ एप्रिल १९३९

प्रिय अभिमन,

तू पाठवलेली दुसरी पुस्तिका वापरून परीक्षा पुन्हा घेतली. प्रश्न वेगळे, वजनाला सारखे, हे तुझं म्हणणं बरोबर निघालं. या वेळी शाई थेट पत्रकावर. जे ऐकलं तेच लिहिलं, सगळ्यांचं. हात तीनदा ळ काढायला गेला, तो खोडलेला तुला दिसेल.

तुझी किल्ली सोबत होती म्हणून गुण मीच देऊन पाहिले. बेबा एकशेआठ होती, आता एकोणऐंशी. तुळशी बहात्तर. एकोणीस मुलींची सरासरी त्र्याहत्तर. रेशमा बहात्तर, म्हणजे एकानं वर. ऐंशीला कुणीच पोचलं नाही.

हे शाळा समितीपुढे ठेवणं मला भाग होतं. भाईदास पाटील कागद हातात घेऊन उभेच राहिले. "बाई, महिनाभरमा बठ्ठ्या पोरी मंद व्हयन्यात? काही हवा लागनी का गावले?" मी म्हटलं, भाऊ, मागच्या वेळी मी लिहिताना सुधारून लिहिलं होतं, ती माझी चूक. या वेळी मुली बोलल्या तसं लिहिलं. ते म्हणाले, "मंग मन्ही बेबा मंद शे. आनि चार वरीस तुम्ही काय शिकाडं तिले?" बदलीचं बोलणं निघालं. मी ऐकून घेतलं. त्यांच्या जागी मीही चिडले असते.

मग त्यांनी रेशमाचं पत्रक बेबाच्या पत्रकाशेजारी ठेवलं. पाटलांना लिहिता-वाचता येतं, सहीपुरतं नाही, चांगलं येतं. दोन्हीकडची वाक्यं ओळीनं बोट ठेवून वाचली. सालदाराच्या मुलीचं आणि आपल्या मुलीचं बोलणं अक्षराला अक्षर सारखं निघालं, हे पाहून त्यांनी दोन्ही पत्रकं माझ्या हातात परत दिली. जाताना म्हणाले, पुण्याच्या साहेबाला कळवा की माझ्या घरी सगळे असंच बोलतात, आणि आमच्या घरात आजवर कुणी मंद नव्हतं. त्यांचा निरोप जसाच्या तसा दिला आहे.

पत्रकं आणि माझा कबुलीजबाब, सहीसह, सोबत आहे. तो कमिटीपुढे ठेव. माझं काय होईल याची काळजी करू नकोस. सुकानं गाडी ठरवली आहे. दिवालीबाईनं रेशमाचे दोन परकर धुऊन वेगळ्या गाठोड्यात बांधून ठेवले आहेत. कुठल्या गाडीत जातील हे ठरलेलं नसताना.

आखाजीला दोन आठवडेच आहेत.

अक्का


शिंदखेडा, ता. २४ एप्रिल १९३९

प्रिय अभिमन,

तुझं पत्र आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी मिळालं. तोतारामनं ते हातात दिलं आणि मी फोडेपर्यंत तो गेला नाही.

तू कमिटीला काय लिहिलंस त्याची नक्कल पाठवलीस, हे बरं केलंस. 'एक मुलगी मंद असू शकते. एका शाळेतल्या एकोणीसच्या एकोणीस मंद निघाल्या तर दोष मुलींत नसून माझ्या मापात आहे.' तुझ्यासारख्या माणसाला हे वाक्य लिहायला किती वेळ लागला असेल ते मला समजतं. तीन वर्षांचं काम. पुस्तक छापखान्यात गेलेलं, ते तू परत मागवलंस. तुझ्याच बरोबरच्यांनी सुचवलं की खानदेशचे आकडे वगळा, रेषा सुरेख बसते. तू वगळले नाहीस. माझा कबुलीजबाब वाचून कमिटीनं मला एक सक्त ताकीद दिली, ती आली आहे. मिळायलाच हवी होती. कपाटात ठेवली आहे.

बोलीतली उत्तरं बरोबर धरून तू पुन्हा गुण दिलेस. बेबा एकशेतीन, रेशमा अठ्ठ्याण्णव. वसतिगृहाचं पत्र तुझ्याच पाकिटात होतं. मी ते घेऊन सुकाच्या झोपडीवर गेले. उन्हातून, छत्री विसरून. दिवालीबाईला अठ्ठ्याण्णव सांगितलं तर तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. आकड्यावर तिचा आता विश्वास नाही, आणि तो पुन्हा बसवायचा प्रयत्न मी केला नाही. जागा मिळाली एवढंच सांगितलं. ते तिला समजलं.

आखाजीचा दिवस गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी निघाली. रेशमा जूनपर्यंत माझ्याकडे राहील, मग मी तिला धुळ्याला पोचवीन. तिला वाटत होतं की मी आईला थांबवीन. तिनं मला तसं सांगितलं नाही, पण गाडी जुंपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. दिवालीबाईनं तिची वेणी घातली, घट्ट. घालता घालता म्हणाली, "बाईनामायक बोलाले शिक. पन मनासंगे बोलशी तवय मले समजनं पाहिजे." रेशमानं मान हलवली. मग गाडी गेली. आई मागे वळून बघेल म्हणून रेशमा उभी राहिली होती. दिवालीबाई वळली नाही. वळली असती तर उतरली असती.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी पीठ मळताना आपणहून विचारलं, धुळ्याला तळं आहे का? मी म्हटलं, नदी आहे, पांझरा. ती म्हणाली, मग चालेल.

तुझ्या पत्रातल्या दोन ओळींविषयी लिहायचं राहिलं. पहिली, सभेत कुणीतरी ती पत्रकं वाचून विचारलं, ही कसली भाषा, आणि तू म्हणालास, "आमच्या घरची." एवढंच लिहून तू पुढच्या मुद्द्यावर गेलास. मी नाही गेले. बराच वेळ तिथंच थांबले होते.

दुसरी ओळ पत्राच्या अगदी तळाशी, सहीच्या खाली, कागद संपत आलेला असताना. की तुला मुलगी आहे. दोन वर्षांची झाली. माझ्या अबोल्यामुळे मला कळवायचं राहिलं, आणि आता बोलू लागली आहे. तू नाव लिहिलं नाहीस. बहुधा ते तिच्या तोंडून मला ऐकवायचं असेल, असं मी धरून चालले आहे.

मेच्या सुट्टीत या. सुरत लाइनची गाडी सकाळी इथं थांबते. तुम्ही तिघं मावाल एवढं घर आहे, आणि रेशमा ओट्यावर झोपायला तयार आहे, तिला तेच आवडतं. इथं ऊन फार आहे, लेकीसाठी पातळ सुती झबली आण. आणि तिला अक्काशी कसं बोलायचं ते शिकवून आणू नकोस. ती जे म्हणेल ते मला समजेल. नाही समजलं तर मी विचारीन.

तुझी,
अक्का